वीस ते साठ, आणि माझी अकरा वर्षं

आदरणीय साडूभाऊ आणि ताई,

उभ्यानेच, दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकून केला असता, पण उजवा गुडघा एकदा वाकला की परत सरळ करायला माणूस बोलवावा लागतो.)

आधी उशिराबद्दल माफी मागतो. तुमचं पत्र मिळालं. ते सहा वर्षांपूर्वी मिळालं, हे मी नाकारत नाही. मधे चष्मा बदलला, मग पेन सापडेना. पेन सापडलं तोवर कोपऱ्यावरची टपालपेटी काढून कुठेतरी नेली. मग तुमच्या मेहुणीचं, म्हणजे आमच्या हिचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि असं करता करता सहा वर्षं गेली. शिवाय तुमच्या पत्रात "सुखरूप पोचलो" एवढे दोनच शब्द होते, त्यांना उत्तर तरी काय द्यायचं? "बरं झालं" लिहायला हरकत नव्हती. नाही लिहिलं. तेवढ्यापुरती माफी मागतो. बाकी कशाबद्दल मागत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं.

तुमचा दमा कसा आहे? दीपगृहाच्या पायऱ्या अजून चढता की सोडल्या? ताईंचे कान कसे आहेत? इकडे माझं म्हणाल तर रक्तदाब आहे, गुडघा आहे, आणि डॉक्टरांना अजून न सापडलेलं आणखी काहीतरी आहे. छातीत डावीकडे कुणी पेन्सिलीने टोचल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात, "शंभरातल्या नव्वदांना हा वातच असतो." मी म्हटलं, "आणि उरलेले दहा?" तर म्हणाले, "आजोबा, तुम्ही नव्वदांत आहात." हे त्यांना कुणी सांगितलं? पण ते असो. (हल्ली मला शेकड्यांवर आणि टक्क्यांवर फार लवकर राग येतो. का येतो, तेच लिहायला बसलो आहे.)

तुम्हाला आठवत असेलच, पण वय झालं की आठवण करून दिलेली बरी. आपल्या सासरेबुवांनी आपल्या दोघांना दोन-दोन गोष्टी दिल्या. एकेक मुलगी आणि एकेक मोजपट्टी. मुलगी आपल्याला विचारून दिली, पट्टी न विचारता. तुम्हाला थोरली आणि खाडीच्या तोंडाशी दीपगृहाच्या खडकावर ठोकलेली पट्टी. मला धाकटी आणि इकडे बंदराच्या धक्क्यावरची पट्टी. रोज दिवसा भरती भरली की सतरा पायऱ्या उतरायच्या, पांढऱ्या पट्टीवरच्या काळ्या रेघा वाचायच्या, पाणी किती चढलं ते वहीत लिहायचं आणि महिनाअखेर पक्की नक्कल करून बंदर खात्याकडे पाठवायची. समुद्र हा जगातला एकच साहेब, जो रोज पाऊण तास उशिरा येतो आणि त्याला कुणी बोलत नाही. आणि आपण मात्र त्याच्यासाठी वेळेवर.

तर दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, खांद्यावर पिशवी, पायात चिखलाचे बूट. पुढे पन्नास वर्षांत समुद्र किती चढेल याचा हिशेब मांडण्याचं काम करतात. आमच्या गावाने धक्क्याच्या कडेने भिंत बांधायचं ठरवलंय आणि ती किती उंच करायची हे सांगायला त्यांना बोलावलंय. बाईंना माझ्या वह्या हव्या होत्या. मी म्हटलं, माझ्याकडे अडतीस वर्षांच्या वह्या आहेत आणि एकही दिवस रिकामा नाही. भिंतीवरचं सर्टिफिकेटही दाखवलं. "अखंड व अचूक नोंदींबद्दल." बाईंनी ते अदबीने वाचलं. तुमची मेहुणी तेव्हा आतल्या खोलीत गेली, आणि का गेली ते मला तेव्हा कळलं नाही. (खरं म्हणजे कळलं होतं.)

वह्या घेऊन त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, "मग बाई, किती चढणार पाणी?" म्हणाल्या, "वीस ते साठ सेंटिमीटर. बहुधा पस्तीसच्या आसपास." मला वाटलं, चेष्टा करतायत. वीस म्हणजे माझ्या नडगीच्या अर्ध्यावर, साठ म्हणजे मांडीपर्यंत! मी म्हटलं, "अहो, एवढं शिकलात, एवढा मोठा कॉम्प्युटर आहे, एक आकडा सांगा की." तर म्हणाल्या, "एक आकडा सांगितला तर खोटं होईल आजोबा." त्या साध्या मनाने बोलल्या, पण मला ते लागलं. रात्रभर कूस बदलत होतो. अडतीस वर्षं मी रोज एक आकडा लिहिला. दोन आकडे लिहिले असते तर साहेबाने वही तोंडावर फेकली असती. खात्याच्या छापील कागदावर रकानाच एक होता.

मी लगेच जाहीर केलं की या बाईंना काही येत नाही. वाण्याकडे जाहीर केलं, न्हाव्याकडे जाहीर केलं, दवाखान्यात रांगेत बसून जाहीर केलं. एवढ्याने आमची मुलगी पेटून उठली. तुम्हाला माहीत आहे, ती खालच्या गल्लीत अगदी शेवटच्या घरात राहते. जावई बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, सगळी हत्यारं घराच्या तळमजल्यावर. मोठ्या भरतीला पाणी आताच त्यांच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येतं. भिंत वीसच्या हिशेबाने बांधली आणि पाणी पस्तीस चढलं तर पहिला उंबरा तिचा. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गावभर बाईंना खोटं पाडत फिरताय, त्याने भिंत कुणाची ठेंगणी होतेय ते कळतंय का?" मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि तोंड बंद ठेवणं वेगळं.

दीड महिन्याने बाई परत आल्या. स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या, मांडीवर कॉम्प्युटर उघडला आणि मला दहा खांब दाखवले. म्हणाल्या, आकड्याचा शेवटचा अंक शून्यापासून नऊपर्यंत कितीदा आला, त्याचे हे खांब. माझ्या पहिल्या सत्तावीस वर्षांचे खांब अगदी शाळेच्या रांगेसारखे, सगळे जवळजवळ एका उंचीचे. मग त्यांनी शेवटच्या अकरा वर्षांचे काढले. त्यात दोन खांब मनोऱ्यासारखे वर गेलेले आणि बाकीचे आठ कसेबसे गुडघ्याएवढे. बाई अगदी हळू म्हणाल्या, "आजोबा, या अकरा वर्षांत समुद्राला तीन आणि सात फारच आवडायला लागले होते."

साडूभाऊ, मी आधी समुद्रावर ढकललं. म्हटलं, त्याचं काय सांगावं, लहरी आहे. मग पट्टीवर ढकललं, म्हटलं रेघा पुसट झाल्या होत्या. मग तापावर ढकललं. अकरा वर्षांचा ताप कसा असतो ते विचारायला बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात तुमची मेहुणी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "सांगून टाका की एकदा. गुडघा गेल्यापासून हे खिडकीतूनच बघायचे. काच मीच पुसून द्यायचे."

आता सांगतोच. तुमच्यापासून लपवून काय करू? गुडघा गेल्यावर त्या शेवाळलेल्या सतरा पायऱ्या उतरायची मला भीती वाटायला लागली. (पाचव्या पायरीवर एकदा बसलो तो पाऊण तास बसूनच होतो. मासेमारीवाल्यांनी उचलून आणलं.) बदली मागितली तर नोकरी जाईल ही भीती. म्हणून घराच्या खिडकीतून समोरच्या धक्क्याकडे बघायचो, किती पायऱ्या भिजल्या ते मोजायचो आणि त्याचे सेंटिमीटर करायचो. एक पायरी अठरा सेंटिमीटर. पण सरळ गुणाकार लिहिला तर तेच तेच आकडे यायचे आणि साहेबाला संशय आला असता. म्हणून मी शेवटचा अंक माझ्या मनाने घालायचो. शून्य आणि पाच घातले की अंदाजपंचे केल्यासारखं दिसतं. तीन आणि सात मात्र कसे प्रामाणिक दिसतात! दोनशे त्रेचाळीस म्हटलं की वाटतं, हा माणूस खाली उतरला, चष्मा पुसला, आणि बघून आला.

मी बाईंना म्हटलं, "म्हणजे माझ्यामुळे सगळं फुकट गेलं?" त्या म्हणाल्या, छे, फुकट कशाला. आम्हाला महिनाभर आधीच कळलं होतं. खिडकीतून पायऱ्या मोजल्या तर चूक फार तर अर्ध्या पायरीची होईल, म्हणून त्या अकरा वर्षांतल्या तुमच्या प्रत्येक आकड्यापुढे आम्ही नऊ जास्त किंवा नऊ कमी असं लिहून ठेवलं आणि त्यांना वजन कमी दिलं. ऐकून मला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. म्हणजे माझं खोटं इतकं कच्चं होतं? अकरा वर्षं मेहनतीने बोललेलं खोटं एका पोरीने चहा निवायच्या आत ओळखलं! मग मी विचारलं, "आणि पहिल्या सत्तावीस वर्षांच्या खऱ्या आकड्यांपुढे तरी काही नाही ना?" म्हणाल्या, "त्यांच्यापुढे दोन. दोन कमी-जास्त." मी ताडकन उठलो (म्हणजे उठायला लागलो). "माझ्या खऱ्या आकड्यांपुढेही दोन? मी उतरत होतो तेव्हा! पावसात, वाऱ्यात!" बाई म्हणाल्या, "लाट असते ना आजोबा. तुम्ही खरेच होता, पाणी हलत होतं."

हे ऐकून मात्र मी परत खाली बसलो. कारण सासरेबुवांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. लाट वर गेली की एक वाचायचं, खाली आली की एक वाचायचं, दहा वेळा, आणि मगच मधला घ्यायचा. त्यांच्या स्वतःच्या कच्च्या वहीत दोन्ही आकडे असायचे. मी पहिल्याच आठवड्यात वरचा-खालचा सोडला आणि एकदम मधला लिहायला लागलो. वेळ वाचतो.

मग मी विचारलं, वीस ते साठ हा एवढा मोठा पट्टा माझ्या तीन-सातमुळे झालाय का? छे, म्हणाल्या. त्यातला मोठा भाग माणसं पुढे किती धूर सोडणार याचा आहे, आणि ते कुठल्याही पट्टीवर वाचता येत नाही, कारण ते अजून ठरायचंच आहे. दुसरा भाग लांबच्या बर्फाचा आहे, तो किती वेगाने वितळेल त्याचा. तुमचा वाटा दोन-तीन सेंटिमीटरचा. खरं सांगू? एवढ्या मोठ्या गोंधळात आपला वाटा फक्त दोन-तीन सेंटिमीटरचा, हे ऐकून मला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं. बाई मात्र पुढे म्हणाल्या, "आजोबा, वीस ते साठ म्हणजे आम्हाला काही माहीत नाही, असं नसतं. वीसच्या खाली राहील असं मला कुठूनच दिसत नाही. हे माहीत असणं थोडं आहे का?"

दुसऱ्या दिवशी गावसभा होती. बाईंनी मला सांगितलं होतं, तुम्ही काही बोलायची गरज नाही, तुमचा विषय माझ्या कागदात तळटिपेत आहे. तळटीप! मी काय तळटिपेत राहणारा माणूस आहे? तुमची मेहुणी म्हणाली, "गप्प बसाल तर संध्याकाळी गोड करीन." मी घरून निघताना गप्पच बसायचं ठरवलं होतं, हे मी शपथेवर सांगतो.

सभागृह भरलेलं. वर पंखे, खाली घाम. आधी बाई बोलल्या, आणि मग धक्क्यावरचे वखारवाले उठले. त्यांना भिंत ठेंगणी हवी आहे, कारण उंच भिंतीवरून पोती चढवायला त्रास होतो. गृहस्थ तसे माणूस म्हणून वाईट नाहीत, बोलतात मात्र फार गोड. म्हणाले, "मंडळी, वीस ते साठ! माझा मुकादम येऊन म्हणाला, मालक, आज वीस ते साठ पोती आली, तर मी त्याला उद्या दारात उभा करीन का?" सभागृह हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग ते म्हणाले, "यांना स्वतःलाच माहीत नाही. मग कमीत कमी धरून चालू, वीस. उगाच घाबरून साठची भिंत कशाला?" आणि लोकांनी माना डोलावल्या. माझ्या पुढच्या रांगेतला न्हावी तर माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात ना आजोबा, बाईंना काही येत नाही म्हणून." मागे खांबाला टेकून आमची मुलगी उभी होती. तिने मान डोलावली नाही. ती माझ्याकडेही बघत नव्हती.

त्यानंतर मी कधी उठलो ते मलाही कळलं नाही. साडूभाऊ, या गुडघ्यावर मी कुणाचा हात न धरता उठलो! मी म्हटलं, "वखारवाले, मुकादमाने मोजलेली पोती आलेली असतात. हे पाणी यायचंय. तुमचं जहाज कधी येणार म्हणून विचारलं तर तुम्ही काय सांगता? मंगळवार ते शुक्रवार. मग हमाल कधीपासून उभे करता? शुक्रवारपासून?" ते म्हणाले, "जहाजाचं वेगळं आहे, आजोबा." मी म्हटलं, "वेगळं आहेच. जहाज परत जातं."

इथे थांबलो असतो तर संध्याकाळचं गोड मिळालं असतं. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "तुम्हाला एकच आकडा हवा ना? एका आकड्यावर विश्वास बसतो ना? मग ऐका. मी अकरा वर्षं रोज एकच आकडा लिहिला आणि तो खिडकीत बसून लिहिला. तीन आणि सात माझ्या मनाचे. एकानेही मला प्रश्न विचारला नाही. उलट सर्टिफिकेट दिलं. आणि ही बाई दोन आकडे सांगते तर तुम्ही तिला हसता! मी एका आकड्यात खोटं बोललो, ती दोन आकड्यांत खरं बोलतेय. आणि त्या वीस ते साठमध्ये कुणाला शून्य दिसत असेल तर त्याने उभं राहून दाखवावं."

एकही जण उभा राहिला नाही. मला वाटलं, जिंकलो. छाती काढून उभा राहिलो (डावीकडे टोचत होतं तरी). तेवढ्यात वखारवाले अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे अध्यक्षसाहेब, ज्या नोंदींवर हा सगळा हिशेब उभा आहे, त्या नोंदीच खोट्या निघाल्या. नोंद करणाऱ्यानेच सांगितलं." झालं! जो तो बोलायला लागला. बाई सांगत होत्या की आम्हाला हे आधीच माहीत होतं, हिशेबात धरलेलं आहे, पण त्यांचं ऐकतं कोण. अध्यक्षांनी टेबल वाजवून निर्णय दिला. जुन्या नोंदींबद्दल शंका आहे, म्हणून एक महिना थांबू. एवढ्यात या खाडीच्या दुसऱ्या खात्रीलायक नोंदी मिळाल्या तर ठीक, नाहीतर वखारवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे भिंत वीसची.

बाहेर पायरीवर मुलगी भेटली. मला वाटलं, निदान बाप बोलला तरी म्हणेल. ती म्हणाली, "अकरा वर्षं, बाबा? आकडे तुमचे आणि घर माझं?" आणि निघून गेली. तुमची मेहुणी माझ्यापुढे चालत घरी आली. मग चपला काढताना म्हणाली, "बायकोशी खोटं बोलतात ते ऐकलं होतं. समुद्राशी बोलणारे तुम्ही पहिलेच." पण एक सांगतो, मी जे बोललो ते मागे घेणार नाही. खात्याने सर्टिफिकेट परत मागितलं तर खिळ्यासकट देईन. परवा वाण्याने विचारलं, "काय आजोबा, आज पाणी किती?" आणि दुकानात हशा पिकला. मी म्हटलं, "दोनशे बारा ते दोनशे सोळा. खाली उतरून वाचलंय, हवं तर चल दाखवतो." आणि खरंच उतरलो होतो, साडूभाऊ. जावई कमरेला दोर बांधून वर धरून उभा होता. मुलीनेच पाठवलं होतं त्याला. ती बोलत नाही माझ्याशी अजून, पण दोर जाडच पाठवला होता.

असो. बाकी इकडे सर्व ठीक. ताईंना माझा नमस्कार सांगा आणि थंड वाऱ्यात बसू नका.

तुमचा,
धाकटा साडू

ता.क. : पत्र पाकिटात घालताना तुमची मेहुणी म्हणाली, "एवढं लिहिलंत आणि मुद्द्याचं कुठंय?" म्हणून लिहितो. तुमच्या खडकावरच्या वह्या हव्या आहेत. तुमच्या पक्क्या नकला खात्याच्या तळघरात होत्या आणि तिथे समुद्राचंच पाणी शिरलं (हसू नका, खरं आहे), त्यामुळे आता तुमच्या घरी ज्या कच्च्या वह्या असतील तेवढ्याच. बाई म्हणतात, खडक खचत नाही, पण आमचा धक्का भरावाचा, तो खचत असणार. खडकावरच्या नोंदी आणि धक्क्यावरच्या माझ्या पहिल्या सत्तावीस वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की आमच्या पायाखालची जमीन वर्षाला किती खाली जाते ते कळेल. हे दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही. महिन्यातले अकरा दिवस मी हे पत्र लिहायचं की नाही यात घालवले आहेत.

ता.क. दुसरा : बाईंना मी तुमच्याबद्दल सांगितलं. म्हटलं, ते सासरेबुवांसारखे वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे लिहायचे. आणि ज्या दिवशी वादळामुळे खडकावर जाता आलं नाही, त्या दिवशी रकाना रिकामा ठेवायचे. चौसष्ट रकाने रिकामे राहिले म्हणून त्यांना खात्याचा ठपका मिळाला आणि त्याच वर्षी मला सर्टिफिकेट. बाई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "रिकामे ठेवले? खरंच रिकामे?" असा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही, माझ्या वह्या बघून तर मुळीच नाही. तेव्हा निवृत्तीच्या माझ्या समारंभात, भरल्या मंडपात, "काही लोकांच्या वहीत समुद्र सुट्टीवर जायचा" असं मी जे म्हणालो, लोक हसले आणि तुम्ही जेवणावरून उठून निघून गेलात, त्याबद्दल वर लिहिलंय की माफी मागत नाही. ते वाक्य खोडायचं होतं, पण पान खराब दिसलं असतं. ते खोडलंय असं समजून वाचावं. रिकामा रकाना भरायला मला एक क्षण लागायचा. तो रिकामा ठेवायला तुम्हाला काय लागलं असेल, हे मला आता कळतंय.

ता.क. तिसरा, आणि शेवटचा : एक गोष्ट लपवून वह्या मागणं बरं नाही, म्हणून सांगतो. मी बाईंना विचारलं, साडूंच्या वह्या आल्या की आकडा वर जाईल ना? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. धक्का फार खचत असेल तर वर जाईल, खचत नसेल तर खाली येईल." खाली आला तर वखारवाले खरे ठरतील, भिंत ठेंगणी होईल आणि मुलगी माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही. मी दोन रात्री विचार केला. वह्या पाठवा. जशा असतील तशा, एकही रकाना न भरता. बाई गुरुवारी मोटारीने तुमच्याकडे यायला तयार आहेत, पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी त्यांना पत्ता देणार नाही. दोन ओळी लिहा, दोन शब्द लिहा, नाही म्हणायचं तरी लिहा, पण लवकर लिहा. एकोणीस दिवस उरले आहेत.